आम्लाला लगाम घालणारे रेणू

चिंचेने घासलेले पितळेचे भांडे लखलखते, हे घरोघरी ठाऊक आहे. चिंचेतील आम्ल भांड्यावरचा कळकटपणा काढते. पण चिंच तशीच लावून ठेवली तर खुद्द पितळावरही तिचा अंमल सुरू होतो. पोलादाच्या कारखान्यापुढे हाच पेच फार मोठ्या प्रमाणावर उभा असतो.

तापवून लाटलेल्या पत्र्यावर लोहाच्या ऑक्साइडची काळी खपली धरते. ती काढल्यावाचून जस्ताचा मुलामा नीट बसत नाही. म्हणून पत्रा हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्यूरिक आम्लाच्या कुंडात बुडवितात. खपली गेली की आम्लापुढे उघडे पोलाद येते. मग लोह विरघळते, हायड्रोजन वायू सुटतो आणि आम्ल फुकट खर्ची पडते. इतकेच नव्हे, तर हायड्रोजनचा काही अंश धातूत शिरून त्यास ठिसूळ करतो. असे पोलाद पुढे ताण पडताच अवचित तडकते. तेव्हा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही.

यावर तोडगा कोणता? १८७२ सालीच मारांगोनी व स्टेफानेल्ली यांनी सरस, जिलेटिन व कोंडा यांचे अर्क आम्लात घालून लोखंडाची झीज कमी केली होती. सरस आणि जिलेटिन ही प्रथिने, म्हणजे लांबच लांब साखळीचे रेणू. अशा महारेणूंची कल्पना स्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडली व १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यांनाच आपण पॉलिमर म्हणतो.

भिंतीवर चढलेली वेल पाहा. तिला शेकडो बारीक मुळे असतात. दोनचार सुटली तरी वेल खाली येत नाही. पॉलिमरचेही तसेच आहे. त्याच्या साखळीत ठिकठिकाणी नायट्रोजन किंवा ऑक्सिजनचे अणू असतात व त्यांच्या योगे तो पोलादाला अनेक जागी बिलगतो. हायड्रोक्लोरिक आम्लात क्लोराइड आयन आधी धातूवर बसतात; त्यांचा भार ऋण, म्हणून धनभारित साखळी त्यांच्याकडे ओढली जाते. अशा रीतीने धातूवर पातळ पांघरूण पडते. खपलीवर मात्र आम्लाचे काम बव्हंशी चालूच राहते.

याची परीक्षा सोपी आहे. समजा, नुसत्या आम्लात पट्टीचे वजन १०० मिलिग्रॅमने घटले व पॉलिमर घातल्यावर ८ मिलिग्रॅमने. तर संरक्षण ९२ टक्के झाले.

तथापि हे पांघरूण अभेद्य नव्हे. उष्णता वाढली की पुष्कळ पॉलिमरांची पकड सैल होते, आणि पृष्ठभाग एकदा झाकला गेल्यावर अधिक पॉलिमर ओतून विशेष लाभ होत नाही.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. १९३२ साली अमेरिकेत मिशिगनमधील तेलविहिरीत आम्ल सोडताना नळ वाचविण्यासाठी आर्सेनिकचे संयुग घातले गेले. नळ वाचले, परंतु आर्सेनिक हे विषच! आज संशोधक डिंक, स्टार्च आणि कोळंबीच्या टरफलांपासून होणारे कायटोसान यांची परीक्षा घेत आहेत, ती याचसाठी. कुंडातले पाणी कधीतरी बाहेर पडणारच. लोखंड वाचवावे खरे, पण त्यापायी नदी नासता कामा नये, असे आम्हांस वाटते.