गळका पंप आणि त्याचे निदान

वसंतातल्या व्याख्यानांत वेदान्त असतो, इतिहास असतो, अर्थकारण असते. बोटीच्या इंजिनाचा गळका पंप हा विषय पत्रिकेत वाचून काही श्रोत्यांच्या भुवया उंचावल्या, त्यात त्यांचा दोष नाही. पुण्याला समुद्र नाही. परंतु पुणे जिल्ह्यात मुळशी आहे, आणि मुळशीला पाणी भरपूर आहे. १९२१ च्या एप्रिलमध्ये सेनापती बापट आणि खोऱ्यातले मावळे शेतकरी जे धरण अडवायला उभे राहिले, ते अखेर झालेच. १९२७ मध्ये त्याचे पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याच्या वीजघरात पडू लागले, आणि अलीकडे खोऱ्याच्या जागी तलाव आला. बांधाबांधाने शेजारच्या गावी जायचे, तिथे पाणी आडवे आले. रस्त्याने जावे तर वळसा मोठा. म्हणून होडी, म्हणून लाँच. भर आषाढात तलावाच्या मध्यावर, वारा अंगावर घेत असताना लाँचचे इंजिन तापून बंद पडले, तर आतल्या माणसांवर काय प्रसंग ओढवतो हे सांगायला नको. त्या प्रसंगाची सुरुवात पुष्कळदा एका थेंबापासून होते.

डिझेल इंजिनात जळलेल्या तेलाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच कामी येते. उरलेली काही धुराबरोबर जाते आणि बाकीची इंजिनाचे अंग तापवते. मोटारीत ती वाऱ्यावर सोडायला रेडिएटर असतो. बोटीला त्याची गरज नाही. तिच्याभोवती थंड पाणी अफाट असते. ते आत ओढायचे, इंजिनाची उष्णता त्याला द्यायची आणि परत तलावात सोडायचे. हे ओढण्याचे काम मुठीएवढा एक पंप करतो.

त्याच्या पोटात रबराचे एक चक्र असते. त्याला इम्पेलर म्हणतात. रहाटाला पोहरे असावेत तशी त्याला लवचिक पाती असतात. पंपाच्या आतल्या भिंतीला एका बाजूस फुगवटा ठेवलेला असतो. पाती तिथे आली की, गर्दीच्या दारातून माणूस अंग चोरून जातो तशी वाकून जातात; दोन पात्यांमधली जागा आक्रसते आणि पाणी बाहेर ढकलले जाते. फुगवटा ओलांडला की पाती ताठ होतात, जागा वाढते आणि नवे पाणी आत ओढले जाते. युक्ती साधी आहे, पण पाण्यावाचून तिचे चालत नाही. पाणीच या रबराचे वंगण. कोरडा फिरला तर मिनिटभरातच इम्पेलर करपू लागतो.

हे चक्र ज्या दांड्यावर बसते, त्याचे दुसरे टोक पुष्कळ इंजिनांत थेट इंजिनाच्या दातेरी चाकांत, म्हणजे तेलात असते. एका टोकाला तलाव, दुसऱ्या टोकाला तेल, आणि मध्ये फिरता दांडा. दोघांची गाठ पडू नये म्हणून दोन सील बसवतात, एक पाण्याला अडवणारे आणि एक तेलाला. या दोन सीलांच्या मधे थोडी मोकळी जागा ठेवून तिच्या तळाशी बाहेर उघडणारे एक बारीक छिद्र पाडलेले असते. आमच्या मते सगळ्या पंपात शहाणपणाची जागा तीच. सील आज ना उद्या झिजणार हे रचनाकाराने गृहीत धरले आहे. झिजल्यावर पाणी तेलाकडे न जाता बाहेर पडावे, आणि माणसाला दिसावे, एवढ्यासाठी ते छिद्र.

पण ते मुद्दाम ठेवलेले आहे हे ठाऊक नसले म्हणजे काय होते, ते आम्ही एकदा पाहिले. एका लाँचच्या पंपाखाली रोज वाटीभर पाणी साचे. मिस्त्री कष्टाळू माणूस. त्याने छिद्र शोधून काढले आणि त्यात लाकडाची खुंटी ठोकून वर रंग फासला. गळती तत्काळ थांबली. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, आम्हीही. काही दिवसांनी तेल मोजण्याची पट्टी ओढली, तर तिला काळे तेल नव्हते. दुधाचा चहा असावा तसा फेसाळ रंग होता. बाहेरची वाट बंद झाल्यावर पाणी दुसऱ्या सीलमधून तेलात शिरले होते. मूठभर किमतीच्या सीलपायी बेअरिंगे गेली आणि इंजिन पुरते खोलावे लागले.

तेव्हा गळती दिसताच ती बुजवू नये. कुठून येते ते पाहावे. पंप फडक्याने कोरडा करून त्यावर खडूची पूड भुरभुरावी, इंजिन सुरू करावे, आणि फिरत्या पट्ट्यापासून हात व धोतराचा सोगा दूर ठेवून विजेरीने पाहावे. पूड पहिल्यांदा जिथे भिजेल तिथे दोष. नळीच्या जोडापाशी भिजली तर नळी चिरली असेल किंवा तिचा पट्टा ढिला असेल. झाकणाच्या कडेला भिजली तर कागदी गॅस्केट गेले. छिद्राखाली पाणी दिसले तर पाण्याकडचे सील गेले, तेल दिसले तर तेलाकडचे. हर्णै-दाभोळच्या खलाशाला हे निदान सोपे जाते, कारण खारे पाणी वाळले की मिठाचा पांढरा थर मागे राहतो. मुळशीचे गोडे पाणी वाळून जाते आणि फारशी खूण ठेवत नाही. फार तर खालच्या लोखंडावर तांबूस ओघळ दिसतो. गोड्या पाण्यात पंप टिकतो, असा एक समज आहे. मिठाने होणारी झीज इथे नाही हे खरे. पण पावसाळ्यात डोंगरउताराची माती तलावात येते आणि उन्हाळ्यात पातळी उतरली की काठाजवळ गाळ ओढला जातो. तो बारीक कण सीलच्या ओठाला कानसेसारखा लागतो. म्हणून पाणी आत येते तिथली जाळी या दोन ऋतूंत वरचेवर धुवावी.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी तळाचा कॉक बंद करावा. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर झाकण उघडताच तलाव बोटीत येतो. इम्पेलर काढल्यावर पाती मोजावीत. एखादे तुटलेले असेल तर त्याचा तुकडा पुढच्या नळीत किंवा उष्णता देण्याच्या नळकांड्यांत अडकलेला असतो. तो सापडेपर्यंत काम पुरे झाले असे मानू नये. मग दांडा काढावा, आणि सील जिथे टेकते तिथे नख फिरवून पाहावे. नख अडकले तर तिथे खाच पडली आहे. अशा दांड्यावर कितीही चांगले नवे सील घातले तरी ते लौकरच गळते, आणि दोष विनाकारण दुकानदाराला दिला जातो. दांडा बदलावा, किंवा चांगल्या टर्नरला दाखवावा. पंप उघडलाच आहे तर दोन्ही सील बदलावीत. बेअरिंग हाताने फिरवावे. खरखर लागली तर तेही बदलावे, कारण डुलणारा दांडा नव्या सीललाही खातो. ओठाचे सील घालताना त्याची स्प्रिंगची बाजू, जे अडवायचे त्याकडे असावी: एकाची पाण्याकडे, दुसऱ्याची तेलाकडे. काही पंपांत ओठाऐवजी एकमेकींवर घासणाऱ्या गुळगुळीत चकत्या असतात. त्यांच्या तोंडाला बोट लावू नये.

नव्या इम्पेलरला ग्लिसरीन किंवा साबणाचे पाणी लावावे आणि पाती फिरण्याच्या दिशेच्या मागे वाकवून बसवावा. गॅस्केट जुन्याच जाडीचे घ्यावे. जाड घातले तर पाणी फटीतून मागे फिरते, पातळ घातले तर रबर झाकणाला घासते. छिद्र तारेने मोकळे करून घ्यावे. कॉक उघडून इंजिन सुरू करावे आणि बाहेर जाणाऱ्या नळीतून पाणी येते की नाही ते पाहावे; ते लगेच आले नाही तर इंजिन बंद करावे. पाणी नीट आले तर थोडा वेळ चालवून छिद्राखाली बोट फिरवावे आणि तेलाची पट्टी ओढून पाहावी. दुसऱ्या दिवशी सकाळी, उतारू चढण्याआधी, या दोन्ही गोष्टी पुन्हा कराव्यात.