जुन्या मोटारीचा सांभाळ

जुना वाडा आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवितो, आजीची पैठणी ट्रंकेत जपून ठेवतो. जुनी मोटार मात्र दाराशी उभी राहिली, की ती अडगळ वाटू लागते. पंधरा-वीस वर्षांत तिचे सुटे भाग मिळेनासे होतात, ओळखीचा मिस्त्री धंदा आवरता घेतो आणि एके दिवशी भंगारवाला वजनावर तिची किंमत करून जातो. तरीही अशा गाड्या रस्त्यावर चालत्या ठेवणारी माणसे जगभर आहेत आणि आपल्या देशातही आहेत. वरवर पाहता हा धनिकांचा षोक वाटतो. परंतु थोडे जवळ जाऊन पाहिले, म्हणजे असे दिसते, की जुनी मोटार पैशापेक्षा माणसांच्या बळावर अधिक जगते. एकट्या मालकाला ती फार काळ राखता येत नाही. या गाड्यांच्या मालकांचे संघ निघाले, त्याचे कारणही हेच होय.

अशा संघांचा इतिहास आता बराच जुना झाला आहे. इंग्लंडमध्ये १९३० साली आद्य मोटारींच्या मालकांनी आपला क्लब स्थापन केला. लंडनहून ब्रायटनपर्यंत १८९६ साली निघालेल्या मोटारींच्या मिरवणुकीची आठवण म्हणून तेथे दरवर्षी नोव्हेंबरात जी फेरी निघते, तीत १९०५ पूर्वीच्याच गाड्यांना प्रवेश असतो. निरनिराळ्या देशांतील अशा संघांना एकत्र आणणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९६६ साली जन्मास आली. आपल्याकडे 'स्टेट्समन' वृत्तपत्राने दिल्लीत १९६४ साली जुन्या मोटारींची फेरी भरविली आणि काही वर्षांतच ती कलकत्त्यातही सुरू झाली. संस्थानिकांच्या पागेतील रोल्सरॉइस ही त्या काळी अशा मेळाव्यांची शोभा असे. पुढे मात्र एक वेगळाच वर्ग या छंदाकडे वळला. वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली साधी गाडी विकावयास ज्याचे मन धजत नाही, असा हा मध्यमवर्गीय मालक होय.

मराठी माणसाच्या दृष्टीने अशी गाडी म्हणजे फियाट. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन बनावटीच्या आणि नंतर इटलीतील फियाटच्या नमुन्याच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९६४ साली 'डिलाइट' आली, आणि १९७४ पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर बसविलेला गिअर आणि आटोपशीर बांधा ही तिची ओळख. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी फियाटच घेतली, आणि तिच्या सुमारे १२,००० रुपये किमतीपैकी ५,००० रुपये बँकेकडून कर्जाऊ काढले. १९६६ साली त्यांचे निधन झाल्यावर ललितादेवींनी ते कर्ज फेडले. ती गाडी आज दिल्लीतील त्यांच्या स्मारकात आहे. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने हीच गाडी दोन-तीन पिढ्यांनी पाहिली. वयोमर्यादेच्या नियमानुसार ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी रस्त्यावरून नाहीशी झाली. आता फियाट उरली, ती केवळ हौसेने सांभाळणाऱ्यांच्या घरी.

हा सांभाळ म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासारखे आहे. आजच्या मोटारीत पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण संगणक ठरवितो. जुन्या मोटारीत ते काम कार्बोरेटर करतो. त्यातील जेटची भोके इतकी सूक्ष्म असतात, की टाकीतील गंजाचा एक कण अडकला तरी गाडी आचके देऊ लागते. ठिणगी पाडण्याचे काम डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट करतात. त्यांच्यातील फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. ती झिजेने बदलली, की ठिणगी अवेळी पडते आणि इंजिनाची ताकद ओसरते. पुढच्या चाकांच्या सांध्यांना ठरावीक अंतरानंतर ग्रीस द्यावे लागते. हे काम चुकले तर स्टिअरिंग जड होते आणि मग महागाचे सांधे बदलण्याची पाळी येते. उन्हाळ्यात गर्दीत गाडी अडकली, की पंपातील पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन बंद पडते. अशा वेळी पंपावर ओले फडके टाकून दहा मिनिटे थांबावयाचे, हा टॅक्सीवाल्यांचा जुना तोडगा आजही उपयोगी पडतो.

यांतील कोणतेही काम फार अवघड नाही. अवघड असते ते न दिसणारे वार्धक्य ओळखणे. ब्रेकचे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. गाडी न चालविताही दोन वर्षांत ते निकामी होऊ लागते आणि सिलिंडर आतून गंजतात. टायरची नक्षी शाबूत असली, तरी त्याचे रबर वयाने कडक होते आणि भर वेगात दगा देते. फियाटसारख्या गाडीला वेगळी चौकट नसते; पत्र्याची काया हाच तिचा कणा. म्हणून दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके मातीने बुजली, की गंज आतून पोखरू लागतो आणि रंगावर फोड येईतो बाहेर कळत नाही. चकचकीत रंगाला भुलून गाडी घेणारा येथेच फसतो. जाणता माणूस आधी खाली वाकून फरशी पाहतो आणि मग बॉनेट उघडतो.

काळ बदलला, तसे पेट्रोलही बदलले. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आले. हवेच्या दृष्टीने हे अत्यंत हितकारक झाले. परंतु जुन्या इंजिनांत शिशाचा पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकींना झिजेपासून वाचवीत असे. तो गेल्यावर अनेक मालकांना त्या कठीण धातूच्या बसवून घ्याव्या लागल्या. २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर रूढ झाले. इथेनॉल पाणी शोषते, जुन्या रबरी नळ्या आणि पडदे खराब करते, आणि मिश्रण थोडे विरळ करते. गाडी तीच, मिस्त्रीही तोच. पण पूर्वीचे निदान आता लागू पडत नाही. अशा वेळी कोणत्या रबराची नळी टिकते, जेट किती मोठा घ्यावा, याचे उत्तर कारखान्याच्या पुस्तकात सापडत नाही. ते दहा मालकांनी दहा गाड्यांवर करून पाहिलेल्या प्रयोगांतून मिळते.

संघाचा पहिला उपयोग हा असा ज्ञानाचा आहे. दुसरा उपयोग सुट्या भागांचा. समजा, एका मालकाला मागच्या काचेची रबरी पट्टी हवी आहे. तिचा साचा करावयाचा, तर कारागीर एका पट्टीसाठी तो करणार नाही, आणि केलाच तर किंमत परवडणार नाही. तेच पन्नास मालकांनी मिळून मागणी नोंदविली, की साच्याचा खर्च वाटला जातो आणि पट्टी सर्वांच्या आवाक्यात येते. एखादी गाडी खरोखरच मोडीत निघाली, तर तिची दारे, दिवे, मुठी विकत घेऊन ज्याला त्याला पोहोचविण्याचे काम अशी मंडळी करतात. तिसरा उपयोग वरवर क्षुल्लक वाटेल, पण सर्वांत मोलाचा आहे: गाडी बाहेर काढण्यास निमित्त मिळते.

हे निमित्त का हवे, ते सांगावयास हवे. उभी गाडी हळूहळू मरते. बॅटरी उतरते, सील सुकतात, ब्रेक जागीच चिकटतात. पुष्कळ मालक दर रविवारी दोन मिनिटे इंजिन सुरू करून समाधान मानतात. पण त्याने हितापेक्षा अहितच अधिक होते. जळणातून निघालेले पाणी थंड सायलेन्सरमध्ये आणि तेलात साचून राहते. इंजिन, गिअरपेटी, चाकांचे बेअरिंग ही सारी पूर्ण तापतील इतके, म्हणजे निदान अर्धा तास, गाडीने सलग चालले पाहिजे.

बंगळूरसारखे शहर या छंदाला अनुकूल आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेने मुंबईतील पत्रा जसा खाल्ला जातो, तसा तेथे जात नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यामुळे उष्माही बेताचा असतो. मात्र उंचीवर हवा विरळ असते. मुंबईत जुळविलेला कार्बोरेटर तेथे पेट्रोल किंचित जास्त देऊ लागतो, प्लग काळे पडतात, आणि तेथे बदलून आलेल्या मराठी मालकाला आपली गाडी एकाएकी बिघडली असे वाटते. तेथल्या जाणकाराला ते एका नजरेत कळते. कर्नाटक व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबासारखे संघ या शहरात आहेत, त्यामुळे नवख्यालाही असा जाणकार शोधत हिंडावे लागत नाही.

या शहरातून उत्तरेस नंदी टेकड्यांकडे जाणाऱ्या वाटेवर सुमारे चाळीस किलोमीटरवर देवनहळ्ळी लागते. जुन्या गाडीला सकाळच्या फेरीसाठी हे अंतर जणू मोजून दिलेले आहे. इंजिन नीट तापते, पण थकत नाही. आणि उन्हे चढण्यापूर्वी घरी परतता येते. २००८ साली या भागात विमानतळ झाल्यापासून रस्ता रुंद आणि वाहतूक वेगवान झाली आहे. म्हणून जुन्या गाड्यांनी पहाटे निघावे, डावी बाजू धरावी आणि चारी चाकांना ड्रमचे ब्रेक आहेत हे लक्षात ठेवून पुढे दुप्पट अंतर सोडावे. तांड्याचा वेग सर्वांत मंद गाडीने ठरवावयाचा आणि शेवटी हत्यारांची पेटी असलेली गाडी ठेवावयाची, ही रीत चांगली. कोणाची गाडी बंद पडली, तर तो मागे एकटा राहत नाही. चार जण बॉनेटभोवती जमतात; आणि तरुण मालक पुस्तकातून जे शिकत नाही, ते त्या वीस मिनिटांत शिकतो.

देवनहळ्ळीचा किल्लाही या विषयावर काही सांगून जातो. १५०१ साली मल्लबैरे गौडाने तेथे मातीचा किल्ला बांधला. १७४९ साली म्हैसूरकरांनी तो घेतला. त्या वेढ्यातच हैदरअली प्रथम नावारूपास आला. पुढे त्याने तो दगडात बांधून काढला. टिपूचा जन्म याच गावचा. १७९१ साली कॉर्नवॉलिसच्या फौजेने किल्ला जिंकला. आज अर्धवर्तुळाकार बुरुजांचा तट उभा आहे आणि आत लोकवस्ती आहे. आता यांतील 'मूळचा' किल्ला कोणता म्हणावयाचा? दगडी तट पाडून मातीचा उभारावा, असे कोणी म्हणणार नाही. आणि तटाला सिमेंटचा गिलावा करून रंग द्यावा, असेही कोणी म्हणू नये.

जुन्या मोटारीपुढे नेमका हाच प्रश्न असतो. पुष्कळांना वाटते, की गाडी कारखान्यातून आली त्याहूनही झगझगीत करावी. परंतु मोटारींच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ साली ट्युरिन येथे मान्य केलेल्या सनदेचा रोख निराळा आहे. जे टिकविता येईल ते टिकवावे. बदलणे भाग पडेल तेथेच बदलावे, आणि काय बदलले याची नोंद ठेवावी. वडिलांच्या हाताने झिजलेले स्टिअरिंग हा दोष नव्हे, तो त्या गाडीचा इतिहास आहे. मात्र ब्रेक, टायर आणि पेट्रोलच्या नळ्या यांत भावनेला स्थान नाही. तेथे जुनेपणाचा मोह जिवावर बेतू शकतो. हा विवेक बहुधा संघातच घडतो, कारण तेथे अतिउत्साही मालकाला आवरणारी वडीलधारी माणसे असतात.

सरकारनेही या गाड्यांचे वेगळेपण मान्य केले आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, खाजगी वापराच्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना 'व्हीए' अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क असून ती दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नव्हे, तर प्रदर्शन, संशोधन, फेरी, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. पहिल्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडीत आहेत. त्यांच्याहून धाकट्या गाड्यांना मात्र पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणीस उभे राहावे लागते. ही तपासणी जाचक मानू नये. चालती, निर्धोक गाडी हीच या छंदाची खरी कसोटी आहे.

खरी चिंता वेगळीच आहे. गाड्या आहेत, हौसही आहे; पण कार्बोरेटरचा आवाज ऐकून दोष सांगणारा मिस्त्री उरलेला नाही, किंवा उरला आहे तो वृद्ध झाला आहे. त्याची विद्या कोठे लिहिलेली नाही. ती त्याच्या कानात आणि बोटांत आहे. त्याचा मुलगा आज संगणक लावून गाड्या तपासतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. म्हणून मालकसंघांनी बक्षिसे आणि मिरवणुका यांच्यापेक्षा एका कामाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. या मिस्त्रींना मानाने बोलवावे, त्यांच्या हाताखाली दोन-चार तरुण द्यावेत, त्यांचे मोबदले चोख द्यावेत आणि ते जे सांगतील ते वहीत उतरवून घ्यावे. पत्रा पुन्हा ठोकता येतो, रबर पुन्हा ओतता येते. पण हातची विद्या एकदा गेली, की उरलेल्या गाड्या दाराशी उभ्याच राहतील.