'राजा हरिश्चंद्र' नेमका केवढा?

सामान्यज्ञानात आपण मुलांकडून पाठ करून घेतो : भारतातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३. उत्तर बरोबरच आहे. पण एखाद्या पोराने विचारलं, "सर, केवढा होता तो?" तर?

नोंद सापडते ती फुटांत. सुमारे ३,७०० फूट, चार रिळं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात. मूकपटाच्या काळी यंत्र हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ चित्रं. म्हणजे फुटाला एक सेकंद. ३,७०० सेकंद, तासाहून जरा जास्त. बोलपट आले आणि वेग २४ झाला. त्या वेगाने तीच फिल्म ४१ मिनिटांत संपते! पुस्तकांत छापलेली ४० मिनिटं याच हिशेबाशी जुळतात.

आज ऑस्करच्या नियमात ४० मिनिटांपर्यंत लघुपट, पुढे पूर्ण लांबीचा. काही महोत्सव मात्र या दोहोंच्या मध्ये 'मध्यम लांबीचा' असा वेगळा गट ठेवतात, साधारण तासाभरापर्यंतचा. आपला हरिश्चंद्र दोन्ही हिशेबांनी तिथेच घुटमळतो. त्या काळी तो मोठाच वाटला असणार. फाळक्यांचीच आधीची 'अंकुराची वाढ' जेमतेम मिनिटभराची होती.

पाचवीला हा भागाकार फळ्यावर जरूर घ्या. २४ च्या वेगाने अख्खा चित्रपट जवळपास एका तासिकेत बसतो, हे मुलांनाच काढू द्या.