गोड गोळीमागचा बदलता विचार

आळंदी-चाकण पट्ट्यात 'बी.एच.एम.एस.' ही होमिओपॅथीची पदवी लिहिलेली पाटी जागोजागी दिसते. आत मात्र गोड गोळ्याच मिळतील असे नाही. अनेकदा पॅरासिटामॉलची पट्टी हातात पडते. अशी सरमिसळ करणाऱ्या लाइपझिगच्या डॉक्टरांना खुद्द होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हॅनिमान यांनी 1832 मध्ये 'अर्धे होमिओपॅथ' म्हणून फटकारले होते.

हॅनिमान यांनी 1790 मध्ये सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली. हिवतापासारखी लक्षणे जाणवली आणि 'समानाने समानाचा उपचार' हे सूत्र त्यांना गवसले. 1810 मध्ये त्यांचा 'ऑर्गनॉन' हा ग्रंथ आला. तो काळ रक्त काढण्याचा, पारा आणि जुलाब देण्याचा होता. त्यापुढे काहीच अपाय न करणारे औषध रोग्याला देवदूत वाटले, तर नवल नाही. माझ्या मते होमिओपॅथीच्या पहिल्या यशाचे मोठे श्रेय त्या काळच्या वैद्यकाच्या क्रूरपणालाच जाते.

सुरुवातीला मात्रा मोजता येण्याजोग्या होत्या. पुढे एक भाग औषध, 99 भाग द्रव, असे तीस वेळा विरळ करण्याची पद्धत रूढ झाली. रसायनशास्त्राच्या हिशेबाने बाराव्या पायरीनंतर मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरणेही कठीण. मग औषध काम करते ते कशाच्या बळावर? 'ऑर्गनॉन'च्या 1833 च्या पाचव्या आवृत्तीत 'जीवनशक्ती' ठळकपणे पुढे आली. 1828 मध्येच जुनाट आजारांच्या मुळाशी 'सोरा' हा खरजेशी जोडलेला मूळ दोष असल्याचे त्यांनी मांडले होते. पदार्थ विरळ होत गेला, तत्त्वज्ञान दाट होत गेले.

अमेरिकेत होमिओपॅथ जेम्स टायलर केंट यांनी स्वीडनबोर्गच्या गूढ विचारांच्या प्रभावाखाली मनाच्या लक्षणांना सर्वांत वरचे स्थान दिले. आपल्याकडे हॅनिमानच्या नावाने जे शिकवले जाते, त्यातले बरेचसे केंटचे आहे. महाराष्ट्रात डॉ. एम. एल. ढवळे यांनी या भारावलेपणाला शिस्त लावू पाहिली: केसची काटेकोर नोंद आणि आधुनिक निदानाची जोड. त्यांच्या नावाच्या ट्रस्टचे काम पालघरला चालते.

पिंपरीच्या डी. वाय. पाटील होमिओपॅथिक महाविद्यालयातला विद्यार्थी आजही 'ऑर्गनॉन' अभ्यासतो. पण पुढे दवाखान्यात तासभर केस घ्यायची तर समोरचा कामगार रात्रपाळीआधी ताप उतरवायला आलेला असतो. तत्त्वज्ञान इथे हरते. 2014 मध्ये राज्याने कायदा बदलून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा 'सीसीएमपी' अभ्यासक्रम करणाऱ्या होमिओपॅथना ॲलोपॅथीची औषधे लिहिण्याची वाट उघडली. त्यांच्या नोंदणीवरून 2025 मध्ये ॲलोपॅथी डॉक्टर रस्त्यावर उतरले.

पुराव्याचे म्हणाल, तर ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने 2015 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले; होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजारासाठी आढळला नाही. म्हणून दवाखान्यात दोन गोष्टी जरूर विचारा: ही गोळी कोणत्या पद्धतीची, आणि तिचे नाव काय? उत्तर चिठ्ठीवर लिहून मागा. आणि मधुमेह, रक्तदाबाच्या चालू गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका.