मोटारीतला पंक्तिप्रपंच

बीएमडब्ल्यूच्या थ्री सिरीज मोटारीत पुढे डावीकडे बसणाऱ्याला सुरुवातीला थोडे परके वाटते. डॅशबोर्डचा मधला भाग, म्हणजे जिथे पूर्वी रेडिओ आणि वातानुकूलनाची बटणे असत आणि आता पडदा असतो तो, त्याच्याकडे बघतच नाही. तो किंचित चालकाकडे वळलेला असतो. यजमानाने सगळ्या पंगतीला बसवावे आणि वाढताना मात्र एकाच ताटाकडे लक्ष द्यावे, तसा हा प्रकार. हा पंक्तिप्रपंच अनवधानाने झालेला नाही. काही वर्षांचा खंड सोडला, तर तो १९७५पासून जाणूनबुजून चालत आला आहे.

त्याचे मूळ १९७२ सालच्या एका प्रायोगिक गाडीत सापडते. म्युनिक ऑलिंपिकच्या वर्षी बीएमडब्ल्यूने 'टर्बो' नावाची एक गाडी केवळ दाखवण्यासाठी बनवली. ती रेखाटणारे पॉल ब्राक हे फ्रेंच होते. विमानाच्या वैमानिकाभोवती जशी उपकरणे मांडलेली असतात, तशी त्यांनी या गाडीत चालकाभोवती मांडली. तीन वर्षांनी पहिली थ्री सिरीज आली, तीही ब्राक यांच्याच देखरेखीखाली, आणि तो वळलेला मधला भाग सामान्य ग्राहकाच्या गाडीत उतरला. पाचव्या पिढीत, २००५ साली, तो सपाट करण्यात आला. पुढच्या पिढीत तो परत आला.

छोटी, महागडी आणि चपळ सेडान या वर्गातल्या गाड्यांच्या अंतरंगाबद्दल आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुतेक यादीच्या स्वरूपाचे असते. इतक्या इंचांचा पडदा, इतके स्पीकर, छताला काच, दिव्यांचे इतके रंग. यादीतून एक गोष्ट कळत नाही. ही सगळी सोय कोणासाठी केली आहे? आपल्या देशात हा प्रश्न जरा अवघड जागी जाऊन बसतो, कारण इथे ज्याच्या नावावर गाडी असते तो पुष्कळदा मागे बसतो आणि ज्याच्यासाठी ती घडवली त्या जागी पगारी माणूस असतो.

आधी ती पुढची जागा पाहू. चपळ गाडीच्या आसनाला दोन्ही बाजूंनी उंचवटे असतात, त्यांना बोल्स्टर म्हणतात. शोरूममध्ये ते दिखाऊ वाटतात, पण त्यांचे काम साध्या हिशेबात मांडता येते. ६० मीटर त्रिज्येच्या वळणावरून गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने गेली, तर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्म्याइतका जोर माणसाला बाहेरच्या बाजूला ढकलतो. ७० किलो वजनाच्या माणसाला तो साधारण ३३ किलोंचा वाटतो. आसनाने हा भार पेलला नाही, तर तो चालकाला स्वतः पेलावा लागतो, म्हणजे तो स्टिअरिंगला धरून लटकतो. ज्या हातांनी गाडी वळवायची तेच हात आधारासाठी अडकून पडतात. म्हणून इथे आराम म्हणजे गुबगुबीतपणा नव्हे. जर्मन गाड्यांची आसने आपल्याला पहिल्या पाच मिनिटांत कडक वाटतात आणि तीन तासांनंतर बरी वाटतात, त्याचे कारणही जवळचेच आहे. मऊ गादीत माणूस रुततो, कंबर मागे वाकते आणि पाठीचा कणा आपला नैसर्गिक बाक सोडतो.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. बीएमडब्ल्यूच्या डॅशबोर्डवरची अक्षरे अनेक वर्षे नारिंगी-लाल रंगात उजळत. हा रंग सुमारे ६०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा होता. अंधारात पाहण्याचे काम डोळ्यातल्या ज्या दंडपेशी करतात, त्या निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतात आणि लाल प्रकाशाला जवळजवळ देतच नाहीत. म्हणून लालसर आकडे वाचून नजर पुन्हा काळोख्या रस्त्याकडे वळली, की डोळ्यांना नव्याने अंधाराची सवय करून घ्यावी लागत नाही. पाणबुड्यांत आणि विमानांत हीच युक्ती वापरत. मला या गाडीतले सगळ्यात सभ्य काम हेच वाटते. त्याची जाहिरात करता येत नाही, आणि ते यशस्वी झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

२०२२ साली सातव्या पिढीत बदल झाले आणि आकड्यांच्या जागी १२.३ व १४.९ इंचांचे दोन पडदे एकाच वाकवलेल्या काचेमागे आले. वातानुकूलनाची बहुतेक बटणे त्या पडद्यात गेली. काच अजूनही चालकाकडे वळलेली आहे, पण ब्राक यांच्या मांडणीतला गाभा त्यातून निसटला असे मला वाटते. बटण बोटाला कळते, काचेवरचे चित्र डोळ्यांनीच शोधावे लागते. त्याच वर्षी स्वीडनमधल्या 'वी बीलेगरे' या नियतकालिकाने एक चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना रेडिओ बदलणे, आसन गरम करणे वगैरे ठरावीक कामे चालकाने करायची आणि तेवढ्यात गाडी किती अंतर कापते ते मोजायचे. २००५ सालच्या, बटणे असलेल्या जुन्या व्होल्वोमध्ये ही कामे दहा सेकंदांत, ३०६ मीटरमध्ये उरकली. पडदेवाल्या नव्या गाड्यांतल्या सगळ्यात वाईट गाडीला १,३७२ मीटर लागले. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. स्टिअरिंग उजवीकडे असल्याने पडद्याला डाव्या हातानेच स्पर्श करावा लागतो, आणि आपल्यातले बहुसंख्य लोक उजवे.

आता मागची जागा. ती अपुरी का असते याचे उत्तर बसणाऱ्याच्या गुडघ्यांत नाही, ते इंजिनात आहे. या गाडीत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असते आणि ताकद मागच्या चाकांना जाते. पुढच्या आणि मागच्या चाकांवर वजन निम्मे-निम्मे पडावे हा या कंपनीचा जुना आग्रह. त्यासाठी इंजिन शक्य तितके मागे आणि पुढची चाके शक्य तितकी पुढे न्यावी लागतात. परिणामी माणसांची खोलीही मागे सरकते आणि तिची शेवटची भिंत मागच्या चाकांना जाऊन टेकते. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा गाडीच्या मधोमध जातो, म्हणून मागे मधे बसणाऱ्याच्या पायांत तो उंचवटा येतो. तिथे सहसा घरातले सगळ्यात लहान मूल बसते, नाहीतर सगळ्यात भिडस्त नातेवाईक.

कंपनीने ही अडचण पिढ्यानपिढ्या थोडी थोडी कमी केली. दोन चाकांमधले अंतर पहिल्या पिढीत २,५६३ मिलिमीटर होते, चौथ्या पिढीत ते २,७२५ झाले आणि सातव्या पिढीत २,८५१. तरीही जिथे मालक मागे बसतो त्या देशांना ते पुरेना. चीनसाठी २०१२ साली ११० मिलिमीटरने लांब केलेली थ्री सिरीज शेनयांगच्या कारखान्यात तयार होऊ लागली. भारतात जानेवारी २०२१मध्ये 'ग्रॅन लिमोझीन' नावाने लांब गाडी आली. तिच्या दोन चाकांमधले अंतर २,९६१ मिलिमीटर. वाढ तीच, ११० मिलिमीटर, म्हणजे साधारण अर्धी वीत. चेन्नईजवळच्या कारखान्यात ती जुळवली जाते आणि तिथेच एम-३४०-आय ही आखूड, जास्त ताकदीची गाडीही जुळवली जाते. एकच गाडी, एकच कारखाना, पण लांबी दोन प्रकारची. एक स्वतः चालवणाऱ्यासाठी, दुसरी बसून जाणाऱ्यासाठी.

या अर्ध्या वितीने काय मिळाले आणि काय नाही, हे नीट पाहिले पाहिजे. पाय पसरता येतात, हे खरे. पण मागचे आसन मागच्या चाकांच्या संदर्भात होते तिथेच राहते. वाढलेली जागा त्याच्या पुढे आहे. खड्ड्याचा जो दणका आखूड गाडीत मागे बसणाऱ्याला बसत होता, तो लांब गाडीतही बसतो. बसलेल्या माणसाच्या धडाला उभ्या दिशेने साधारण सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी थरथर सगळ्यात जास्त जाचते. चपळपणासाठी कडक ठेवलेल्या स्प्रिंगा ती थोपवायला उत्सुक नसतात. पुढे बसणारा दोन्ही चाकांच्या मधे असतो, त्याला त्यातले कमी लागते. शिवाय चाके जितकी लांब, तितके मधले पोट उंच गतिरोधकावर घासण्याची भीती जास्त. आपल्या सोसायट्यांच्या फाटकांत जे गतिरोधक बांधलेले असतात, त्यांचा विचार म्युनिकमध्ये कोणी कशाला करेल?

या वर्गातल्या इतर गाड्या महाराष्ट्राच्या जवळच्या आहेत. मर्सिडीजची सी-क्लास चाकणला जुळते आणि ऑडीची ए-फोर छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जुळत आली आहे. तरी पंक्तिप्रपंच पाहायचा तर तो थ्री सिरीजमध्येच सगळ्यात स्पष्ट दिसतो, कारण तिथे तो लपवलेला नाही.

पुढच्या उजव्या आसनाला आठवण असते. एक आणि दोन अशी बटणे असतात. उंची, अंतर, पाठीचा कोन एकदा ठरवून ठेवला, की बटण दाबताच आसन तिथे येते. नवरा-बायको आलटून पालटून गाडी चालवतात अशा घरासाठी ही सोय. मुंबई-पुण्याच्या ज्या घरांत पगारी चालक आहे, तिथे एक आकडा रविवारी मालकाचा असतो. दुसऱ्या आकड्यावर चालकाचा कोन जपून ठेवावा, असे किती जणांना सुचते हे मला पाहायचे आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारात एका विक्रेत्याच्या परवानगीने मी अशा काही गाड्यांत बसलो होतो. विक्रेता मागच्या सीटची गादी दाबून दाबून दाखवत होता. मी पुढे बसून बटणे दाबत होतो.

चालकाचे निम्मे काम थांबण्याचे असते. लग्नाच्या हॉलबाहेर, दवाखान्याखाली, कार्यालयाच्या तळघरात. इंजिन बंद, म्हणजे वातानुकूलन बंद. रस्त्यावर उभी असली, तर बंद काचांच्या खोलीत उन्हाचा ताप तासाभरात चढतो. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत उभ्या गाडीत बाहेरची हवा खेळवणारी एक सोय असते. इंजिन न लावता पंखा थोडा वेळ चालतो. मालक येण्याआधी गाडीतला ताप कमी व्हावा म्हणून ती केलेली आहे. ती मेनूत दोन-तीन पायऱ्या आत असते आणि गाडीबरोबर आलेले माहितीपुस्तक बहुधा मालकाच्या घरी, कपाटात असते.