दहा बाय दहाच्या खोलीत मशरूम : पंखा मोठा नको, मोजून घ्या

घरच्या खोलीत धिंगरी घेताना बियाणे आणि काडाची चौकशी सगळे करतात. हवेचा हिशेब मात्र राहून जातो. छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या उन्हाळ्यात तोच हिशेब पीक, वीज आणि पाणी तिन्ही ठरवतो. समजून घेऊया सोप्या आकड्यांत.

डिजिटल डेस्क, छत्रपती संभाजीनगर

बेडवर पांढरी बुरशी छान पसरली. कोंबही फुटले. पण छत्र्या उमलण्याऐवजी देठच लांबत गेले आणि टोकाला शर्टाच्या बटणाएवढी टोपी राहिली. घरात धिंगरी मशरूम घेणाऱ्यांना पहिल्याच पिकात हा अनुभव येऊ शकतो. दोष बियाण्याला दिला जातो. बहुतेक वेळा कारण असते कोंडलेली हवा.

मग बाजारातून मोठा एक्झॉस्ट आणला जातो किंवा घरातला कूलर खोलीत लावला जातो. आता उलटे होते. कोंब वाळतात, कडा तडकतात आणि पाण्याची टाकी बघता बघता रिकामी होते. म्हणून पंखा घेण्याआधी आपल्या खोलीला किती हवा लागते, हे काढायला हवे.

मशरूमला हवा का लागते?

मशरूम ही वनस्पती नाही, बुरशी आहे. ती आपल्यासारखीच ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत सुमारे ४२० ते ४३० भाग, म्हणजे तितके पीपीएम असतो. बंद खोलीत भरलेले बेड तो काही तासांत कित्येक पटींनी वाढवतात.

पिकाच्या दोन टप्प्यांत गरज वेगळी असते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बुरशी काडात पसरत असते. तेव्हा कार्बन डायऑक्साइड जास्त असला तरी चालतो. फक्त खोली २४ ते २८ अंशांत ठेवावी लागते. बेडच्या आतले तापमान खोलीपेक्षा काही अंश जास्त असते, त्यामुळे बेड एकमेकांना चिकटवून रचू नयेत.

कोंब फुटले की गणित बदलते. आता कार्बन डायऑक्साइड १,००० पीपीएमच्या खाली आणि आर्द्रता ८० ते ९० टक्के हवी. म्हणजे ताजी हवा भरपूर, पण ओली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात. खरी अडचण इथेच आहे.

पंख्याची दोन कामे वेगळी ठेवा

पहिले काम हवा बदलण्याचे : खोलीतली शिळी हवा बाहेर टाकून ताजी आत घेणे. ते एक्झॉस्ट करतो. दुसरे काम हवा फिरवण्याचे : आतली हवा कोपऱ्याकोपऱ्यात, मांडणीच्या खालच्या कप्प्यापर्यंत पोहोचवणे. त्याला छोटा टेबल फॅन किंवा भिंतीवरचा छोटा पंखा पुरतो.

सीलिंग फॅन हवा फक्त फिरवतो, बदलत नाही. वर त्याचा झोत थेट कोंबांवर येतो. स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करून परत सोडतो आणि तिच्यातला ओलावा काढून घेतो. त्यामुळे नुसत्या एसीवर धिंगरी येत नाही.

किती हवा? असे काढा उत्तर

खोली १० फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच धरा. आकारमान १,००० घनफूट, म्हणजे सुमारे २८ घनमीटर. कोंब फुटल्यावर खोलीतली सगळी हवा तासाला ४ ते ६ वेळा बदलावी, हा सुरुवातीला धरण्याजोगा अंदाज आहे. म्हणजे तासाला साधारण ११० ते १७० घनमीटर हवा.

एक्झॉस्टच्या डब्यावर ‘सीएमएच’ असा आकडा असतो. तासाला किती घनमीटर हवा ओढतो, ते तो सांगतो. काही डब्यांवर ‘सीएफएम’ म्हणजे मिनिटाला घनफूट असे असते. एक सीएफएम म्हणजे सुमारे १.७ सीएमएच.

हा आकडा पंख्यापुढे काहीही आड नसतानाचा असतो. तुमच्या खोलीत आड जाळी आहे, ओले पॅड आहे, कदाचित पाइपही आहे. म्हणून सुरुवातीला डब्यावरच्या आकड्याचे ६० टक्केच धरा. १७० घनमीटर हवे असतील तर डब्यावर सुमारे २८० हवेत. बाथरूमसाठी मिळणारा ६ इंची एक्झॉस्ट साधारण याच टप्प्यात येतो. १२ इंची पंखे बहुधा हजाराच्या पुढे जातात. ते या खोलीसाठी नाहीत.

लांब पाइप जोडायचा असेल तर साधा पात्यांचा पंखा दमतो. तिथे पाइपमध्ये बसणारा इनलाइन पंखा घ्यावा. तो अडथळ्याविरुद्ध जास्त चांगला दाब धरतो.

मोठा पंखा म्हणजे पाण्याची नासाडी

आता आपल्या शहराचा मुद्दा. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के धरा. पंखा जितकी हवा बाहेर टाकेल, तितकीच गरम, कोरडी हवा आत येईल. ती ओल्या पॅडमधून घेतली तर चांगल्या पॅडवर तापमान २७ अंशांच्या आसपास उतरते. कूलरचे तत्त्व तेच. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेते.

पण ते पाणी कुठून तरी द्यावे लागते. या हवामानात तासाला १५० घनमीटर हवा ओली करायला एक लिटरपेक्षा थोडे कमी पाणी उडते. १,२०० सीएमएचच्या मोठ्या एक्झॉस्टला तासाला सुमारे ७ लिटर लागतात. ३,००० सीएमएचचा कूलर सलग चालवला तर १७ लिटरच्या वर. दिवसातले तापाचे ८ तास धरले तर हिशेब अनुक्रमे ७, ५५ आणि १४० लिटरांच्या आसपास जातो. ज्या शहरात अनेक वसाहतींना नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजावे लागतात, तिथे हा फरक छोटा नाही.

घरात कूलर आहेच आणि तोच वापरायचा असेल, तर टायमर लावा. ३,००० सीएमएचचा कूलर दर २० मिनिटांनी एक मिनिट चालला तरी तासाला १५० घनमीटर हवा येते. झोत बेडवर नको, समोरच्या भिंतीवर हवा. आणि हवा बाहेर जायला वाट ठेवा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पॅडमधून आलेल्या त्या हवेची आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांपर्यंतच जाते. उरलेली कमतरता भिंतीला ओली गोणपाटे टांगून, जमीन ओली ठेवून किंवा बारीक तुषाराने भरून काढावी लागते.

जुलैत हे सगळे बदलते. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या पॅडने फार तर दोन-अडीच अंशांचा फरक पडतो. पावसाळ्यात पॅडचे पाणी बंद ठेवा, एक्झॉस्ट चालू ठेवा. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री पंख्याची वेळ कमी करा, नाहीतर खोली गारठते.

आत येणारी वाट मोठी हवी

एक्झॉस्ट बसवला आणि खोली घट्ट बंद केली, तर पंखा नुसता आवाज करतो. बाहेर टाकायला हवा आत यायला तर हवी. अजिंठ्यात चित्रे असलेल्या लेण्यांमध्ये एका वेळी किती पर्यटक सोडायचे, यावर मर्यादा आहे. त्याचे एक कारण हेच : डोंगरात कोरलेल्या दालनात श्वासाची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड साचतो, कारण हवेला आरपार वाट नसते. एकाच दाराची खोलीही तशीच वागते.

६ इंची एक्झॉस्टसाठी हवा आत घ्यायला किमान एक फूट बाय एक फूट जागा ठेवा. त्यावर माश्या अडवणारी बारीक जाळी लावणार असाल, आणि लावायलाच हवी, तर जागा दुप्पट करा. जाळी दर आठवड्याला झटका. बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर पॅडवर पांढरा थर चढतो आणि हवा अडते. तोही धुवावा लागतो.

आत येणारी वाट आणि एक्झॉस्ट समोरासमोरच्या भिंतींवर, कर्णरेषेत ठेवा. दोन्ही शेजारी असतील तर ताजी हवा बेडांना न शिवता तशीच बाहेर जाते. ‘कार्बन डायऑक्साइड जड असतो म्हणून खाली साचतो’ असे ऐकायला मिळते. इतक्या कमी प्रमाणात वजनाचा फरक नगण्य असतो. खालच्या कप्प्यात तो साचतो, कारण तिथली हवा हलत नाही. म्हणून एक्झॉस्ट खालच्या बाजूला असावा आणि छोटा पंखा चालू असावा.

उदबत्ती आणि दोरा : बिनखर्चाची तपासणी

एक्झॉस्ट सुरू करून दार लावा. पॅड आणि काड यांपासून अंतर राखून, आत येणाऱ्या वाटेजवळ पेटलेली उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मग मांडणीच्या खालच्या कप्प्याजवळ धरा. धूर सरळ वर चढत राहिला तर तिथली हवा मेलेली आहे. छोट्या पंख्याची दिशा बदला.

बेडांच्या मध्ये शिवणाचा दोरा लटकवा. तो हलका डुलावा. फडफडत असेल तर वारा जास्त आहे.

पीक स्वतःही सांगते. देठ लांब आणि टोपी बारीक असेल तर ताजी हवा कमी. कडा पिवळ्या पडून तडकल्या तर हवा कोरडी किंवा झोत जोराचा. टोपीवर पाणी साचून तपकिरी डाग पडले तर आर्द्रता आहे, पण हवा फिरत नाही.

वीज आणि आरोग्य

ओल्या खोलीत विजेचे काम काळजीने करा. अर्थिंग तपासा, गळती झाल्यास वीज तोडणारा आरसीसीबी बसवा, बटणे खोलीबाहेर ठेवा. ३० वॅटचा पंखा दिवसरात्र चालला तरी महिन्याला सुमारे २२ युनिट लागतात. तो घरच्या इन्व्हर्टरवरही चालतो. भरनियमनात पंखा बंद पडणार असेल तर दाराला जाळी लावून ते उघडे ठेवा.

धिंगरीची टोपी पूर्ण उमलली की तिच्यातून बारीक बीजाणू उडतात. त्यांनी काहींना खोकला, धाप, तापही येतो. टोपीची कड वर वळण्याआधी तोडणी करा, खोलीत मास्क लावा. एक्झॉस्टचे तोंड जिन्यात किंवा शेजाऱ्यांच्या खिडकीकडे नको. त्रास वाढत असेल तर डॉक्टरांना मशरूमचे काम करत असल्याचे सांगा.

कधी सुरू करावे?

पहिलेच पीक असेल तर पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंतचा काळ निवडा. हवा स्वतःच निम्मे काम करते. भर उन्हाळ्यात घ्यायचेच असेल तर धिंगरीऐवजी ३० ते ३५ अंशांत येणाऱ्या दुधी अळिंबीचा विचार करा. तिलाही आर्द्रता आणि ताजी हवा लागते, पण खोली फार थंड करावी लागत नाही.

माहितीसाठी पैठण रोडवरील कृषी विज्ञान केंद्र आणि गांधेलीचे एमजीएम कृषी विज्ञान केंद्र जवळ आहेत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवरील अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे केंद्र आहे. देशपातळीवर हे काम हिमाचल प्रदेशातील सोलन येथील अळिंबी संशोधन संचालनालय पाहते.

खरेदीला जाण्यापूर्वी

- खोली मोजा. लांबी × रुंदी × उंची फुटांत, भागिले ३५ म्हणजे घनमीटर.
- त्याला ६ ने गुणा, ०.६ ने भागा. इतक्या सीएमएचचा एक्झॉस्ट घ्या.
- हवा फिरवायला एक छोटा पंखा, झोत भिंतीकडे.
- आत येणारी वाट आधी पाडा, पंखा नंतर बसवा.
- तापमान व आर्द्रता दाखवणारे मीटर आणि एक टायमर घ्या. मोठ्या पंख्यापेक्षा हे दोन जास्त उपयोगी पडतील.