तीन रीड्सची कमान

बी.ई.च्या प्रोजेक्टमध्ये एका रात्री अडीच वाजता मला ‘नवा शोध’ लागला! रूम पार्टनरला उठवून सांगितलं, त्यानं लगेच चहाची पार्टी वसूल केली. आणि दुसऱ्या दिवशी सरांच्या एका प्रश्नानं सगळी हवा निघाली. त्या प्रश्नाचीच ही गोष्ट.

आधी थोडी थिअरी. आपला जीन सलग नसतो. कामाचे तुकडे म्हणजे एक्झॉन, मधले तुकडे म्हणजे इन्ट्रॉन. आरएनए तयार होताना इन्ट्रॉन कापून टाकले जातात आणि एक्झॉन एकमेकांना जोडले जातात. हेच स्प्लायसिंग. १९७७ मध्ये ते उजेडात आलं आणि १९९३ मध्ये त्यासाठी रिचर्ड रॉबर्ट्स व फिलिप शार्प यांना नोबेल मिळालं. जोडणीचा सांधा म्हणजे स्प्लाइस जंक्शन.

एसटीचं उदाहरण घ्या. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर, नाशिक हे थांबे म्हणजे एक्झॉन, मधला रस्ता इन्ट्रॉन. साधी गाडी सगळीकडे थांबते. जलद गाडी सिन्नर टाळून संगमनेरहून थेट नाशिक गाठते. तसंच एका जीनपासून वेगवेगळी प्रथिनं बनू शकतात.

सिक्वेन्सिंगचं मशीन आरएनएचे लाखो छोटे तुकडे वाचतं, त्यांना रीड्स म्हणतात. काही रीड्सचा एक भाग एका एक्झॉनवर बसतो, उरलेला दुसऱ्यावर. असे रीड्स मोजायचे, दोन थांब्यांमध्ये कमान काढायची आणि तिच्यावर आकडा लिहायचा. झाला साशिमी प्लॉट! आयजीव्ही या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो काढता येतो.

माझ्या प्लॉटमधली एक कमान भलत्याच ठिकाणी, आडरानात उतरत होती. आकडा होता ३. सर म्हणाले, “अरे, हे एका सॅम्पलचं झालं. बाकीच्यांचं काय?”

बाकीचे म्हणजे सार्वजनिक डेटा. २०१६ मध्ये नेलोर आणि सहकाऱ्यांनी माणसाची २१,५०४ सार्वजनिक सॅम्पल्स तपासली. कुठल्याही यादीत नसलेली ५६,८६१ जंक्शन्स त्यांना किमान हजार-हजार सॅम्पल्समध्ये सापडली. म्हणजे यादीत नाही म्हणून ते नवीन, असं म्हणता येत नाही. २०२१ च्या रिकाउंट-३ मध्ये तर माणूस आणि उंदीर मिळून साडेसात लाखांहून जास्त सॅम्पल्स आहेत. सगळं डाउनलोड करायचीही गरज नाही. स्नॅपट्रॉनला जागा सांगितली की ते जंक्शन कुठल्या सॅम्पल्समध्ये आहे आणि किती रीड्स आहेत, ते कळतं.

माझं जंक्शन? शून्य सॅम्पल्स. मी आणखीनच खूश, म्हणजे खरंच नवीन! सर हसले. म्हणाले, “आता ते रीड्स डोळ्यांनी बघ.”

बघितले. तिन्ही रीड्सची पलीकडच्या बाजूला फक्त ५ अक्षरं टेकली होती. डीएनएची अक्षरं चार, म्हणून पाच अक्षरांचे शब्द १०२४. असा शब्द साधारण दर हजार अक्षरांत योगायोगानंच सापडतो! शिवाय बहुतेक इन्ट्रॉन जीटीनं सुरू होऊन एजीवर संपतात, माझ्याकडे तेही नव्हतं. सॉफ्टवेअरनं रीड्स चुकीच्या जागी चिकटवले होते, बस्स.

पण शून्य नेहमीच फुकट नसतं. २०१७ मध्ये निदान न झालेल्या ५० स्नायुरुग्णांच्या आरएनएची तुलना १८० हून जास्त निरोगी स्नायूंच्या सॅम्पल्सशी केली गेली. काही रुग्णांत कोलेजनच्या सीओएल-६ए-१ या जीनमध्ये नवीनच थांबा दिसला. इन्ट्रॉनच्या आतल्या एका बदलामुळे गाडी आडरानात थांबत होती. फक्त एक्झॉन वाचणाऱ्या डीएनए तपासणीत हा बदल दिसत नाही. तोच बदल वेगवेगळ्या रुग्णांत होता, निरोगी लोकांत तो थांबा नव्हता. एकूण ३५ टक्के रुग्णांना त्या अभ्यासातून निदान मिळालं.

तिथे शून्यामागे डीएनएतला बदल होता. माझ्या शून्यामागे पाच अक्षरं. नुसती कमान बघून मी दोन्हींत फरक करू शकलो नसतो.

ती कमान रिपोर्टमध्ये ‘चुका’ या प्रकरणात गेली. चहाचे पैसे मात्र पार्टनरनं अजून परत केलेले नाहीत!